हेक गिलिसच्या गाडीची मागची सीट

शनिवार, १४ मे २०११. अँगस क्रॉम्बीने मेहुण्याच्या हातावर अकराशे पन्नास डॉलर रोख ठेवले आणि १९५५ सालची एक मॉरिस ऑक्सफर्ड विकत घेतली. मेहुण्याने, म्हणजे ग्रेम गिलिसने, नोटा दोनदा मोजून शर्टाच्या खिशात घातल्या, खिशाचं बटण लावलं आणि म्हणाला, "कोंबड्या सौद्यात नाहीत हं."

गाडीत पाच-सहा कोंबड्या होत्याच. बत्तीस वर्षं ती ग्रेमच्या शेतावर ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उभी होती. ग्रेमचे आणि अँगसच्या बायकोचे, म्हणजे नोलाचे, वडील हेक गिलिस १९७९च्या हिवाळ्यात गेले, त्यानंतर कोणी ती चालवली नव्हती.

"सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडून पैसे घेतलेस?" नोलाने भावाला विचारलं.

"फुकट दिली असती तर बिचारा जन्मभर माझ्या उपकाराखाली राहिला असता," ग्रेम म्हणाला. "मी त्याला मोकळं केलं."

अँगस हसला. त्याला किंमत जास्त वाटली नव्हती. गोर गावाच्या मुख्य रस्त्यावरचं आपलं औषधाचं दुकान त्याने त्याच फेब्रुवारीत विकलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या हातांना काम नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्याने नोलाच्या फडताळातल्या सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि त्या अक्षरांच्या क्रमाने मांडल्या. नोलाला दालचिनी सापडेना. ती म्हणाली, "अँगस, दुकान विकलंस ना? मग माझ्या स्वयंपाकघराचं दुकान करू नकोस. बाहेर जाऊन काहीतरी शोध."

पण गाडी घ्यायचं खरं कारण निराळं होतं. आदल्या नाताळात ते ग्रेमकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर नोला दिसेना म्हणून अँगस तिला शोधत निघाला, तर ती ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एकटी उभी होती. गाडीच्या मागच्या खिडकीच्या काचेवर तिने तळवा ठेवला होता आणि आत बघत होती. तो आल्याचं तिला कळलं नाही. तोही तसाच मागे फिरला. चाळीस वर्षांच्या संसारात नोलाने आपल्याला काय हवं ते क्वचितच तोंडाने मागितलं होतं. गिलिस मंडळी मुळात बोलणारी नव्हेतच. त्यामुळे हवं ते ओळखण्याची संधी आली की अँगस ती सोडत नसे.

नोलाच्या लहानपणी वसंतात (दक्षिण गोलार्धातल्या त्या भागात तो सप्टेंबरात येतो) दर शनिवारी हेक पोरीला घेऊन मताउरा नदीच्या मुखाशी, फोर्ट्रोजला, व्हाइटबेट धरायला जाई. बोटभर लांबीचे, काचेसारखे आरपार दिसणारे हे मासे भरतीच्या पाण्याबरोबर नदीत शिरतात, आणि त्यांच्यासाठी तिकडची माणसं काठावर जाळं लावून दिवसभर बसतात. जाळं टपावर, बादली पायांत, मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी नोला आणि उजव्या खिडकीशी टिप नावाचा मेंढ्यांचा कुत्रा. पुढे हेक एकटाच, तोंडात पाइप. येताना बादली डुचमळे आणि टिप ओल्या अंगाने पोरीच्या मांडीवर झोपे. नोलाच्या तोंडून अँगसला माहीत असलेलं तिचं बालपण जवळजवळ एवढंच होतं.

गाडी ट्रेलरवर चढवून घरी आणली त्या संध्याकाळी तो म्हणाला, "पुढेमागे एखाद्या मोसमात तुला बाबांच्या गाडीतून नदीवर नेतो."

"बघू या," नोला म्हणाली.

गिलिस घराण्यात 'बघू या' हा होकाराचा सगळ्यात उत्साही प्रकार समजला जाई.

गॅरेजमधून नोलाची छोटी गाडी बाहेर गेली ती गेलीच. हिवाळ्यात सकाळी तिच्या काचेवरचं दहिवर खरवडताना नोला गॅरेजकडे बघून काहीतरी पुटपुटे, पण ते मोठ्याने कधी बोलली नाही. आत अँगस गाडी उकलत होता. औषधवाल्याचाच हात तो. प्रत्येक स्क्रू बाटलीत, प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या गंजून बिस्किटासारख्या झाल्या होत्या. त्या कापून नव्या जोडायच्या म्हणून तो एका हिवाळ्यात रात्रशाळेत जाऊन वेल्डिंग शिकला. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. ती त्याला 'आजोबा' म्हणत आणि चहाच्या सुट्टीत सांधेदुखीवर काय घ्यावं ते आपल्या आजीसाठी विचारून घेत. इंजिन त्याने स्वतः उतरवलं, स्वतः खोललं, फक्त सिलिंडर घासायला बाहेर दिले. दारांचं रबर आणि ब्रेकचे भाग कोलकात्याहून मागवले. तिकडे याच साच्यावरून बनलेली, या गाडीची धाकटी बहीण अजून पिवळी टॅक्सी म्हणून धावत होती. पार्सल उघडलं की त्यात बंगाली वर्तमानपत्रांचे बोळे असत. अँगस ते सरळ करून फोटो बघत बसे.

जुन्या गाड्यांच्या क्लबातला बर्ट हा त्याचा या कामातला गुरू. बर्टचं एकच सूत्र होतं: गाडी जशी कारखान्यातून निघाली, तशी. त्यात इकडचं तिकडे खपायचं नाही. अँगसला हे मनापासून पटलं. औषधाच्या दुकानात तो आयुष्यभर असंच वागला होता, डॉक्टरने लिहिलंय तेच आणि तेवढंच. डॅशबोर्डमधल्या कप्प्यामागे जुना रंग जरा शाबूत सापडला, त्यावरून त्याने मूळचा शेवाळी हिरवा पुन्हा मिळवला. हेकने कधीतरी ट्रॅक्टरचा दिवा आणून समोर बसवला होता. तो गेला. पुढच्या पत्र्यावर मेंढ्याने धडक मारून पाडलेला पोचा होता. तोही गेला. मागच्या दाराच्या आतल्या अस्तरावर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे होते. अस्तरच जाळून टाकलं आणि नवं लावलं. मागची सीट तर बघवत नव्हती. चामडं तडकलेलं, एका जागी पाइपच्या निखाऱ्याने पडलेलं भोक, आणि मधोमध उसवलेली शिवण हेकने लोकरीची पोती शिवायच्या दाभणाने आणि सुतळीने हातभर लांब, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेली. अँगसने ती उचलून गॅरेजच्या मागे भंगाराच्या ढिगावर टाकली. पुढच्या आठवड्यात ग्रेम कसलंसं खत पोचवायला गावात आला तेव्हा म्हणाला, "ही टाकतोयस? मग माझ्या कुत्र्यांना नेतो." अँगस म्हणाला, "ने बाबा, सुटलो." नवी सीट इन्व्हरकार्गिलच्या एका कारागिराकडून गडद लाल चामड्यात शिवून आणली. तिच्यावर टाका शोधावा लागे.

या सगळ्या काळात नोला चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारापर्यंत येई. आत येत नसे. अँगसला वाटे, घरातल्या सपाता तेलकट होतील म्हणून. एकदाच तिने उंबऱ्यावरून विचारलं होतं, "त्या मागच्या दारावरचे ओरखडे?"

"गेले!" अँगस खुशीत म्हणाला. "ये, हात फिरवून बघ. शोधूनही सापडायचे नाहीत."

नोला तेवढी आत आली. तिने नव्या अस्तरावरून वरून खाली हात फिरवला. मग म्हणाली, "खरंच सापडत नाहीत," आणि कप घेऊन घरात गेली. अँगसने ही आपली तारीफ समजली. वर्षानुवर्षं तो तशीच समजत राहिला.

गाडी पुरी झाली तेव्हा सगळं गाव बघायला आलं. क्लबच्या मेळाव्यात तिला पहिलं बक्षीस मिळालं. पंचांनी चाकाच्या आतल्या बाजूला रुमाल फिरवला आणि रुमाल पांढराच निघाला. बर्टचे डोळे भरून आले. फक्त नोला त्या मेळाव्याला तिच्या छोट्या गाडीतून मागून आली. "तुझी बंद पडली तर कोणीतरी हवं ना," ती म्हणाली. कारण रास्त होतं. पुढच्या वेळी गुडघा दुखत होता आणि मॉरिसमध्ये पाय लांब करता येत नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी चीज रोलचे दोन ट्रे न्यायचे होते, आणि लोण्याचे डाग चामड्यावर पडले तर? अँगस म्हणाला, "बरोबर, बरोबर, ते तू तुझ्यातूनच आण." हे असं वर्षभर चाललं. गाडी नोलाच्या वडलांची, नोलासाठी घेतलेली, आणि नोला तिच्यात एकदाही बसली नव्हती. हे अँगसच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण प्रत्येक वेळचं कारण वेगळं आणि बरोबर असल्याने त्याची बेरीज करायचं तो टाळत होता.

मग व्हाइटबेटचा मोसम आला. सप्टेंबरातला शनिवार, आकाश स्वच्छ, भरती सकाळी. अँगसने आदल्या दिवशीच गाडीला पॉलिश केलं होतं. सीटवर जाड चादर घातली, चादरीखाली प्लास्टिक. हाक मारली, "नोला, चल! आज फोर्ट्रोज. शब्द दिला होता."

नोला बाहेर आली. अंगात जुना स्वेटर, पायांत रबरी बूट, खांद्यावर जाळं, हातात बादली. चेहऱ्यावर एरवी नसलेलं काहीतरी होतं. ती मागच्या दाराशी गेली आणि दाराच्या मुठीला हात घातला.

"एक मिनिट," अँगस म्हणाला. "जाळं आणि बादली तुझ्या गाडीत ठेवू या का? म्हणजे आपण दोन्ही गाड्या नेऊ. येताना ओलं असेल. चामड्याला माशांचा वास बसला की जात नाही."

नोलाने मुठीवरचा हात काढला.

"मग मीही माझ्याच गाडीत बसते," ती म्हणाली. "येताना मलाही माशांचा वास येईल."

"तसं नव्हे गं..."

"अँगस," तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "गाडी फार सुंदर झालीय. इतकी सुंदर गाडी या गावात दुसरी नाही. पण ही कोणाची आहे ते मला ठाऊक नाही. बाबांची नाही. बाबांची होती तेवढी तू पुसून काढलीस."

"मी तर ती होती तशी केली. अगदी होती तशी!"

"कारखान्यातून निघाली तशी. तेव्हा मी तिच्यात नव्हते, बाबा नव्हते, टिप नव्हता. तेव्हा ती फक्त गाडी होती."

असं म्हणून तिने जाळं आपल्या गाडीत टाकलं आणि निघून गेली. अँगस चादर घातलेल्या सीटवर दार उघडं टाकून बसला. शेजारच्या बागेतून कोणीतरी ओरडलं, "काय अँगस, आज गाडीची वरात नाही का?" त्याने हात वर केला, एवढंच. नाताळच्या दिवशी काचेवर टेकलेला तळवा त्याला आठवत होता. काचेतून ती काय बघत होती, हे त्याने त्या दिवशीच तिला विचारलं असतं, तर या सगळ्याची गरज पडली नसती. ती रंग बघत नव्हती, इंजिन तर नव्हतंच. ती मागची सीट बघत होती.

दुपारी तो मॉरिस घेऊनच ग्रेमच्या शेतावर गेला. शेवटचा मैलभर रस्ता खडीचा. एरवी तो त्या रस्त्यावर गाडी घालत नसे.

लोकर कातरायच्या शेडच्या ओसरीवर सीट होती, नुसती बैठक. उन्हापावसाने आणखी काळी झालेली, पण धड. हेकची सुतळी तशीच्या तशी. आणि तिच्यावर फर्न, ग्रेमची म्हातारी कुत्री, चारही पाय ताणून निजली होती.

"काय औषधवाले," ग्रेम म्हणाला, "खडीवर आणलीत महाराणीला? कोणी मेलं की काय?"

"मला ती सीट परत हवी."

ग्रेमने आधी सीटकडे बघितलं, मग अँगसकडे. "तू फेकलीस. मी उचलली. आता ती फर्नची. तिला विचार."

अँगस खरंच फर्नजवळ गेला. फर्नने एक डोळा उघडला, तोंडातल्या तोंडात गुरगुरली आणि डोळा मिटला.

"नाही म्हणते," ग्रेम म्हणाला.

"ग्रेम, थट्टा नको. नोला म्हणाली, ही बाबांची गाडी नाही."

ग्रेमने खाली बसून फर्नच्या पोटाखालून दिसणाऱ्या सुतळीवर बोट ठेवलं. "ही शिवली तेव्हा मी दिवा धरला होता," तो म्हणाला. "म्हातारा म्हणाला, आईला सांगू नकोस, पोत्याचं दाभण वापरलंय. आईने दुसऱ्याच दिवशी ओळखलं." तो उठला. "पण फर्न चौदा वर्षांची आहे. तिच्या हाडांना फरशी चालत नाही. हिच्या बदल्यात तिला दुसरी सीट पाहिजे. तशीच मऊ."

"गावात गादी घेतो."

"गादीवर ती झोपत नाही. आम्ही आणून बघितली. तिला सीटच लागते, स्प्रिंगची." ग्रेम मॉरिसच्या मागच्या खिडकीतून आत डोकावला. "ही बरी दिसते."

कुंपणापलीकडे कोकरं ओरडत होती. अँगसने खिशातून पाना काढला, मागचं दार उघडलं, आणि बक्षीस मिळवलेल्या गडद लाल सीटची बैठक खालचे दोन बोल्ट सोडून बाहेर काढली. ओसरीवर नेऊन ठेवली. फर्नला उचलून तिच्यावर ठेवलं, तर ती लगेच उतरली आणि जुन्या सीटवर जाऊन बसली. मग ग्रेमने तिचं कळकट घोंगडं आणून नव्या चामड्यावर पसरलं. फर्नने ते हुंगलं, तीनदा गोल फिरली आणि अंग टाकलं. तिची नखं चामड्यात रुतली तसा अँगसने तोंड फिरवलं.

"आणि बिअरचे दोन डझन," ग्रेम म्हणाला. "राखणावळ. तुझ्या ढिगावर राहिली असती तर आज मिळाली असती का?"

"दोन डझन. कबूल."

घरी येऊन अँगसने जुनी सीट अंगणात ठेवली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. हातांना खाज सुटली होती. साबणाचं कोमट पाणी, चामड्याचं तेल, त्या भोकावर बारीकसं एक ठिगळ... शेवटी त्याने फक्त पिसवांची पूड मारली, कारण पिसवा हेकच्या नव्हत्या, फर्नच्या होत्या. धूळ झटकली आणि सीट होती तशी बोल्ट आवळून बसवली. पाठ नवी, लाल, चकचकीत. बैठक काळी, तडकलेली, सुतळीची. बर्ट दुसऱ्या दिवशी आला, मागचं दार उघडून बघितलं आणि हळूच लावलं. "अँगस," तो म्हणाला, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"पुढच्या मेळाव्यात चौथा नंबरही नाही यायचा."

"बघू या," अँगस म्हणाला.

नोलाला त्याने काही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी सकाळी ती बूट घालून, जाळं घेऊन आपल्या गाडीकडे निघाली, तर मॉरिस वाटेत आडवी उभी. मागचं डावं दार उघडं. चादर नाही, प्लास्टिक नाही.

"अँगस, मला निघायचंय, ही बाजूला घे," असं म्हणता म्हणता ती थांबली. बादली खाली ठेवली. वाकून सीटवर हात टेकला. बोट सुतळीच्या एका टोकाला लावलं आणि टाक्यामागून टाका दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग भोकात करंगळी घातली. लहानपणी तिथे ती कवडी लपवीत असे, हे अँगसला नंतर कळलं.

"ओरखडे गेले ते गेलेच," अँगस मागून म्हणाला. "त्याला इलाज नाही."

"नाही," नोला म्हणाली. मग, "कुठे होती ही?"

"फर्नकडे."

"आणि फर्न कशावर झोपते आता?"

अँगसने सांगितलं. नोला त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग हसू लागली. इतकी हसली की गाडीच्या टपाला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसून ती मागे, डाव्या खिडकीशी जाऊन बसली. जाळं टपावर बांधायचं राहिलं होतं. "दे इकडे आतच," ती म्हणाली, आणि ते तिने उजव्या बाजूला, टिपच्या जागेवर ठेवलं.

"पुढे नाही बसत?" अँगसने विचारलं.

"पुढे मी कधी बसले होते? चल, भरती निघून जाईल."

अँगस ड्रायव्हरसारखा पुढे एकटा बसला आणि निघाला. मताउराच्या काठाने खाली, मेंढ्यांच्या हिरव्या शेतांमधून, सगळ्या वाटेत ती फारसं बोलली नाही. फक्त एका वळणावर म्हणाली, "इथे बाबा पाइप पेटवायचे, दोन्ही हात सोडून." अँगसने दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवले. मासे कमीच मिळाले, कपभर. येताना एका खड्ड्यात बादली हिंदकळली, आणि आरशात त्याला दिसलं की पाणी सीटवर सांडलंय आणि नव्या, लाल पाठीवरही उडालंय. त्याचं तोंड उघडलं आणि त्याने ते पुन्हा मिटलं. नोला खिडकीला डोकं टेकून झोपली होती. घरी आल्यावर तिने मासे अंड्यात घालून तव्यावर टाकले. एवढ्या माशांत दोघांना एकेक धिरडं मिळालं.

गाडीला आता वास येतो. नोला मात्र शनिवारी ती सोडून दुसऱ्या गाडीने नदीवर जात नाही.

ग्रेमला बिअरचं एक डझन त्याच आठवड्यात पोचलं. दुसरं डझन अजून द्यायचं आहे.